बादलीतली बिअर : डर्बीच्या स्वयंपाकघरातल्या नोंदी

शनिवार, 4 जानेवारी 2025

सामान आलं. 30 लिटरची झाकणाची पांढरी बादली, खाली नळ बसवलेली, बाहेरून तापमानाची पट्टी चिकटवलेली. एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप. हायड्रोमीटर आणि त्याची उभी नळी. सायफन. दोन दांड्यांचं कॅपर आणि 100 पत्र्याची झाकणं. न धुता चालणारं जंतुनाशक. एक डबा : हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आधीच घातलेला माल्टचा, म्हणजे बिअरच्या धान्याचा पाक, 1.7 किलो, इंग्लिश बिटर (इथली कडवट बिअर). किलोभर ग्लुकोज. सगळं मिळून 71 पौंड. बायको म्हणाली, "एवढ्यात वर्षभराची विकत आली असती." वर्षभराची नसती आली. दोन महिन्यांची आली असती, हे खरं.

कायद्याचं आधी. ब्रिटनमध्ये स्वतःच्या पिण्यासाठी घरी बिअर करायला 1963 पासून परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. त्याआधी 1880 पासून लागायचा. माझ्या गावी, सांगलीत, हेच विनापरवाना केलं तर 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा होतो, मग बादली दोन लिटरची का असेना. तिकडच्या कुणी ही वही वाचली तर वाचण्यापुरतीच ठेवावी.

बेत : मेअखेर तीन घाणे. तळणीचा पहिला घाणा बिघडतो, तसा हाही बिघडेल असं गृहीत धरून चाललोय.

रविवार, 5 जानेवारी

पाणी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि मी पाणीपुरवठ्यात नोकरी करतो. तेव्हा इथे तरी माझं पारडं जड.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जमतो आणि बिअरला बँडेजपट्टीचा वास येतो. तो अगदी थोड्या प्रमाणातही नाकाला कळतो. उपाय स्वस्त आहे : मेटाबायसल्फाइटची गोळी. इथे तिला कॅम्पडन गोळी म्हणतात, चिपिंग कॅम्पडन गावावरून. 25 लिटरला अर्धी गोळी चुरून टाकली की क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही काही मिनिटांत संपतात. उकळून क्लोरीन जातो, क्लोरामाइन सहजी जात नाही.

क्षारता माशांच्या टाकीच्या किटने मोजली. थेंब मोजत, तीनदा. लिटरला 130 मिलिग्रॅम. हलक्या रंगाच्या बिअरसाठी जरा जास्त. मग जिप्सम. इथून गाडीने अर्ध्या तासावर बर्टन अपॉन ट्रेंट आहे. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर. त्याच्यामुळेच बर्टनची फिकट, कडवट बिअर जगभर गेली. दुसऱ्या गावचे लोक आपल्या पाण्यात जिप्सम घालून तीच करू लागले, त्याला 'बर्टनायझेशन' असा शब्दही आहे. हिशेब सोपा : 10 लिटर पाण्यात 1 ग्रॅम जिप्सम घातला की लिटरमागे कॅल्शियम 23 मिलिग्रॅमने वाढतं, सल्फेट 56 ने. एक्सेलमध्ये तक्ता केला. रात्रीचे साडेअकरा वाजले.

मंगळवार, 7 जानेवारी

जिप्सम आला. शंभर ग्रॅमची पुडी. तक्ता पुन्हा तपासला.

शनिवार, 11 जानेवारी — घाणा पहिला

बादली, नळ, पळी, थर्मामीटर, कात्री (यीस्टची पुडी कापायला, ही हमखास विसरते) सगळं जंतुनाशकात. डबा गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवला, तरी पाक काकवीसारखा चिवट. दोन लिटर उकळत्या पाण्यात तो आणि ग्लुकोज विरघळवला, वर गार पाणी, एकूण 23 लिटर. जिप्सम 5 ग्रॅम.

हायड्रोमीटर : 1.038, 21 अंशांना. उपकरण 20 ला जुळवलेलं, म्हणजे दुरुस्ती नगण्य.

ज्यांनी हायड्रोमीटर पाहिला नाही त्यांच्यासाठी : काचेची तरंगती कांडी. पाण्यात 1.000 दाखवते, साखर जितकी जास्त तितकी वर उचलली जाते. यीस्ट साखर खातं, दारू करतं, कांडी खाली बसत जाते. सुरुवातीचा आकडा वजा शेवटचा, गुणिले 131 : झाले दारूचे टक्के.

झाकणाखाली चिकटवलेली यीस्टची पुडी वरून भुरभुरली. घरात 17 अंश, बाहेर दवात गाड्या गोठलेल्या. एवढ्या थंडीत काय आंबणार? इडलीचं पीठ आम्ही बॉयलरच्या कपाटात ठेवतो, सकाळपर्यंत पातेल्याबाहेर येतं. बादलीही तिथेच ठेवली. टॉवेल वरच्या फळीवर हलवले.

रविवार, 12 जानेवारी

सकाळी सहाला एअरलॉकमधून बुडबुडे, सेकंदाला एक. कपाटाला कान लावला की उकळल्यासारखा आवाज. बादलीवरची पट्टी 29 दाखवतेय. छान.

मंगळवार, 14 जानेवारी

संक्रांत. तिळगूळ ऑफिसात वाटला. बुडबुडे जवळजवळ बंद. हायड्रोमीटरचा आकडा 1.010. तीन दिवसांत काम फत्ते.

शनिवार, 18 जानेवारी

1.008. नमुना चाखला. कोमट, गोडसर, बुडबुड्यांशिवाय. हिरव्या सफरचंदाची चव. मागे काहीतरी जळजळीत. ताजी आहे म्हणून असेल.

शेजारचे आजोबा कुंपणावरून विचारपूस करून गेले. ते 1970 च्या दशकापासून करतात. तेव्हा बूट्स या औषधांच्या दुकानात बिअरचे डबे मिळायचे, खोकल्याच्या औषधाशेजारी. त्यांनी आयुष्यात हायड्रोमीटर वापरलेला नाही. "बुडबुडे थांबले की भरायची." मी मान हलवली, पण पटलं नाही. झाकण नीट बसलं नसेल तर बुडबुडे आधीच थांबतात. उलट पारा चढला की आंबणं संपल्यावरही विरघळलेला वायू निघत राहतो. त्यांच्या गॅरेजच्या छतावर तपकिरी डाग आहेत. कसले ते मी विचारलं नाही.

मंगळवार, 21 जानेवारी

1.008. तीन दिवस आकडा हलला नाही म्हणजे संपलं. 3.9 टक्के.

शनिवार, 25 जानेवारी

बाटल्या भरल्या. 40 बाटल्या, अर्ध्या लिटरच्या. महिनाभर ऑफिसातल्यांकडून जमवलेल्या. सगळ्या तपकिरी. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड शिरतो आणि हॉप्समधली कडू द्रव्यं फुटून उग्र वास येतो.

लेबलं काढण्यात दोन तास गेले. सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवली तर आपोआप सुटतात, हे दोन तासांनंतर कळलं.

बाटलीतला फेस येतो कुठून, तर भरताना थोडी साखर घालायची, उरलेलं यीस्ट ती खातं आणि वायू बंद बाटलीत विरघळतो. 21 लिटरला 110 ग्रॅम साखरेचा पाक उकळून तळाशी घातला, वर बिअर सायफनने, आवाज न करता. आता हवा लागली तर ओल्या पुठ्ठ्याची चव येते. आजोबांची पद्धत दर बाटलीत अर्धा चमचा. चमच्याचं माप बाटलीगणिक बदलतं, साखर जास्त पडली की बाटली फुटते, आणि छतावरचे डाग बहुधा त्याचेच.

कॅपरचं झाकण बसल्याचा 'टक्' आवाज फार समाधानाचा आहे. बायकोने तीस बाटल्या मारल्या, मला दहाच मिळाल्या.

रविवार, 2 फेब्रुवारी

बर्टनला जाऊन आलो. गावात शिरताच उकडलेल्या धान्याचा वास, म्हणजे आमच्याकडे गुऱ्हाळाच्या दिवसांत येतो तसा, पण गुळाऐवजी पावाकडे झुकणारा.

कथा आपल्याकडे येऊन पोचते म्हणून लिहून ठेवतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधल्या बो इथला हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून बिअर कलकत्ता, मद्रास, मुंबईला पाठवायचा. पुढे त्याच्या मक्तेदारीला कंटाळून कंपनीकडून बर्टनच्या ऑलसॉपला विचारणा झाली. 1822 मध्ये ऑलसॉपने हॉजसनच्या बिअरसारखी फिकट बिअर करून बघितली. पहिला नमुना त्याच्या माणसाने चहाच्या किटलीत केला, असं सांगतात. किटलीत! माझी बादली त्या मानाने कारखानाच. बर्टनच्या जिप्समच्या पाण्यात ती लंडनपेक्षा सरस उतरली आणि हॉजसन मागे पडला.

'दुसरी कुठलीही बिअर प्रवासात टिकत नव्हती म्हणून आयपीए (इंडिया पेल एल, हीच फिकट बिअर) शोधली' हे जे सांगतात ते मात्र अर्धवट. काळी पोर्टर हिंदुस्थानात सैनिकांसाठी ढिगाने जातच होती आणि टिकतही होती. जास्त हॉप्सनी बिअर टिकते हे खरं, पण शोधाची गोष्ट नंतर रचून गुळगुळीत केलेली आहे.

येताना दोन पाइंट्स. बिटरमध्ये गंधकाची किंचित झाक होती, काडी पेटवल्यासारखी. सल्फेटची खूण म्हणतात ती. मला आवडली. बायको म्हणाली, "अंडं."

शनिवार, 8 फेब्रुवारी

पहिली बाटली उघडली. फुस्स झालं, फेस आला, रंग तांब्याचा. दोघे खुश.

मग घोट. सफरचंद गेलेलं. पण पिकलेलं केळं, आणि मागून नेलपॉलिश. गिळल्यावर घशात ऊब. 3.9 टक्क्यांच्या बिअरने घसा तापू नये.

आजोबांना अर्धी दिली. त्यांनी वास घेतला, ग्लास परत कठड्यावर ठेवला आणि हवेबद्दल बोलले.

रविवार, 9 फेब्रुवारी

सकाळभर कारण शोधत होतो. आधी अर्थातच पाण्यावर संशय. क्लोरीन? बँडेजचा वास नाही. क्षार? माल्टच्या पाकात कारखान्याच्या पाण्यातले क्षार आधीच असतात. पाणी आटवलेलं असतं, क्षार कुठे जाणार? म्हणजे दोन रात्रींचा तक्ता आणि 5 ग्रॅम जिप्सम दोन्ही फुकट, पण नेलपॉलिश त्याने येत नाही.

मग ही वही पहिल्यापासून वाचली. 12 जानेवारी. *"बादलीवरची पट्टी 29 दाखवतेय. छान."*

चूक घडली त्याच दिवशी मीच लिहून ठेवली होती, वर शाबासकीही दिली होती.

यीस्ट 29 ला मरत नाही, उलट धावतं. पण धावताना साध्या दारूबरोबर जड दारूही जास्त करतं (घशातली ऊब) आणि एस्टरं, म्हणजे फळांसारख्या वासाची द्रव्यं सोडतं. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेटचा, नेलपॉलिशचा इथाइल अॅसिटेटचा. त्यात यीस्ट साखर खाताना स्वतः उष्णता सोडतं, म्हणून बादलीचं पोट भोवतालच्या हवेपेक्षा दोन-चार अंश वरच असतं. बाहेरची पट्टी 29 म्हणजे आत 30 सुद्धा असेल. बहुतेक इंग्लिश यीस्टना 18 ते 20 हवं. म्हणजे ज्या थंड घरातून उचलून मी बादली कपाटात कोंडली, ते घरच बरोबर होतं.

इडलीच्या पिठाचा अनुभव इथे नडला. पिठाला ऊब लागते, कारण तिथे आंबट करणारे जीवाणूही हवे असतात आणि सकाळपर्यंत फुगायलाही हवं असतं. शिवाय पीठ वाफवलं जातं, वास उडून जातो. इथे जे तयार झालं ते बाटलीत बंद.

बायकोला म्हटलं, "मी पाण्यावर दोन रात्री घालवल्या."
"तुला पाणी येतं म्हणून," ती म्हणाली.

शनिवार, 15 फेब्रुवारी

पुढचा घाणा डब्याचा नाही, धान्याचा. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू. हे वाचताना वाटलं, हे आपल्या घरात कुणीतरी करायचं. आईला फोन.

"आई, नाचणीचं सत्त्व कसं करायचीस तू?"

पलीकडे क्षणभर शांतता. "का रे? काही बातमी आहे का?"

"नाही गं. असंच."

"असंच कुणी नाचणी विचारतं?" पण सांगितलं. रात्रभर भिजत, मग ओल्या फडक्यात बांधून टांगायची. मोड आले की सावलीत वाळवायची, चोळून मोड झाडून टाकायचे, मंद आचेवर नुसती शेकायची, दळून वस्त्रगाळ. "करपवायची नाही, रंग बदलू द्यायचा नाही. आणि मोडाच्या पिठाची खीर पातळ राहते, बाळाला गिळता येते. बिनमोडाची केली तर लापशी थिजते."

सगळं शास्त्र यात आलं. दाणा रुजायला लागला की साठवलेला स्टार्च मोडायला एन्झाइम तयार करतो. वाळवून रुजणं थांबवायचं, पण एन्झाइम शाबूत राहतील इतक्याच उष्णतेवर. गरम पाण्यात ते पुन्हा जागे होतात आणि स्टार्चची साखर करतात, म्हणून खीर पातळ. बिअरवालेही माल्टचे मोड झाडूनच टाकतात.

"इथे सातूला मोड आणलेले मिळतात, त्याचं करतोय काहीतरी."
"सातूचं पीठ?"
"पातळ पीठ म्हण."

शनिवार, 1 मार्च — घाणा दुसरा

पिशवीची पद्धत : मोठ्या पातेल्यात जाळीदार पिशवी, तिच्यात धान्य, चहाच्या पुडीसारखं. वेगळी भांडी नकोत. या वेळी छोटा घाणा, 11 लिटर, म्हणजे बिघडला तर वीसच बाटल्या बिघडतील.

मॅरिस ऑटर (सातूची एक इंग्लिश जात) माल्ट 2.2 किलो, भरडलेला. क्रिस्टल माल्ट 150 ग्रॅम. पाणी 17 लिटर, पाव गोळी कॅम्पडन, जिप्सम 4 ग्रॅम. आता जिप्समला काम आहे : कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळून लापशीचं पीएच खाली आणतं (5.2 ते 5.5 हवं) आणि सल्फेटने कडवटपणा कोरडा, धारदार लागतो. लंडन, डब्लिनच्या क्षारतेच्या पाण्यात काळ्या बिअरी गाजल्या, त्याचं एक कारण भाजलेल्या माल्टचा आंबटपणा क्षारता मारतो.

10:20 — पाणी 70 अंशांवर, धान्य घातलं, 67 वर स्थिरावलं. गुठळ्या पळीने फोडल्या, पिठल्याला फोडतो तशा. पातेल्यावर जुनी गोधडी गुंडाळली.
10:50 — 66. दोन एन्झाइमांची इथे ओढाताण असते. 62-65 ला एक जोरात, तो सगळी साखर पचण्यासारखी करतो, बिअर पातळ होते. 70 कडे दुसरा, बिअर जाडसर. 66-67 ला दोघांचं जमतं.
11:20 — बशीत थेंबभर, वर आयोडीन. निळं-काळं झालं नाही, म्हणजे स्टार्च उरलेला नाही. चाखलं. तासाभरापूर्वी पिठाळ पाणी होतं, आता चहात साखर जास्त झाल्यासारखं गोड. एवढी गोडी आली, साखरेचा दाणा न घालता. आजवरच्या सगळ्या उद्योगात मला सगळ्यात जास्त मजा या एका घोटाची आली. याला वर्ट म्हणतात.
11:30 — पिशवी उचलली. ओलं धान्य साडेचार किलोंच्या आसपास, गरम. चक्का टांगतात तशी नळाला टांगली. नळ वाकला. बायकोने खालून धरली.
12:05 — उकळी. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स 25 ग्रॅम घातले आणि फेस सरळ शेगडीवर. दूध उतू जातं त्यापेक्षा जलद. आणि ते साखरेचं पाणी, शेगडीवर टॉफी झाली. पुढच्या वेळी हॉप्स घालताना आच आधी मंद करायची.

हॉप्सचा वास घरभर : गवत, संत्र्याची साल, थोडा कापूर. ही वेल भांगेच्याच कुळातली आहे. तासभर उकळल्यावर कडवटपणा येतो पण सुगंध उडतो, म्हणून आणखी 15 ग्रॅम अगदी शेवटी. (उकळलेले हॉप्स कुत्र्यांना विषारी. आजोबांचा कुत्रा कुंपणाखालून येतो, म्हणून चोथा घट्ट बांधून कचऱ्यात.)

13:10 — गॅस बंद. पातेलं बाथटबमध्ये थंड पाण्यात. 20 अंशांवर यायला 50 मिनिटं.
14:15 — बादलीत. 1.041. अंदाज 1.045 चा होता. पिशवी पुरेशी पिळली नाही.

बादली जोरजोरात हलवली. यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो, हवा चालते ती एवढ्या एका वेळी. सुकं इंग्लिश यीस्ट अर्धी पुडी. आणि बादली जिन्याखालच्या कोनाड्यात, चपलांशेजारी. तिथे 16 अंश. कपाटाकडे बघितलंही नाही.

रविवार, 2 मार्च

उरलेल्या धान्याची थालीपिठं. एक वाटी चोथा मिक्सरमधून काढून दोन वाट्या भाजणीत, कांदा, तीळ, ओवा. चव खमंग, पण सातूची टरफलं दातांत येतात. बायकोने एक खाल्लं आणि "पौष्टिक आहे" म्हणाली. म्हणजे पुन्हा नको. बाकीचा चोथा कंपोस्टमध्ये.

एअरलॉक गप्प. 20 तास झाले.

सोमवार, 3 मार्च

सकाळी 7 — कोनाडा 16, बादली 18. हळूहळू बुडबुडे.
रात्री 10 — कोनाडा 16, बादली 19.5. झाकणाला आतून फेस लागलाय. अधिक वर जाऊ नये म्हणून बादलीला चिकटून ठेवलेले बूट काढले.

मंगळवार, 4 मार्च — 16.5 / 19.5.

बुधवार, 5 मार्च — 16 / 18.5. मंदावलं.

शनिवार, 8 मार्च

1.013. बादली 17. शेवटी यीस्ट दमतं, थंडीत झोपून जातं आणि लोण्याचा वास मागे ठेवतं असं वाचलं होतं. म्हणून आता, एस्टरांचा काळ उलटल्यावर, बादली बैठकीच्या खोलीत, 20 अंशांत. पाहुण्यांसाठी वर कुंडी ठेवली.

शुक्रवार, 14 मार्च — 1.012. मंगळवारीही तेवढंच होतं.

रविवार, 16 मार्च

19 बाटल्या, साखर 50 ग्रॅम. 3.8 टक्के. नमुन्यात केळं नाही, नेलपॉलिश नाही. जास्त काही लिहीत नाही, मागच्या वेळी 'छान' लिहिलं होतं.

रविवार, 30 मार्च

पाडवा. गुढी खिडकीत, काठी म्हणून पडद्याचा दांडा. कडुनिंब मिळाला नाही. संध्याकाळी, दोन आठवडे झालेत हे माहीत असून, एक उघडली.

फेस थोडा कमी. बिस्किटासारखी चव, मागून संत्र्याची साल, शेवट कोरडा आणि कडू. घसा थंड. वर्षाच्या पहिल्या दिवशी कडू काहीतरी खायचं असतं, ते असं पार पडलं.

आजोबांनी आख्खी बाटली संपवली आणि विचारलं, या वेळी वेगळं काय केलंत? सांगितलं, जिन्याखाली ठेवली. ते म्हणाले, जिन्याखालीच ठेवतात. जानेवारीत का नाही सांगितलं? म्हणे, तुम्ही पाण्याबद्दल इतकं बोलत होतात.

शनिवार, 12 एप्रिल

पहिल्या घाण्याची बाटली पुन्हा उघडली, अकरा आठवड्यांनी. केळं निम्मं झालंय, घशातली ऊब आहे तशीच. जड दारू मुरून जात नाही. उरलेल्या 31 बाटल्यांचं काय? चार मटणाच्या रश्श्यात गेल्या, बऱ्या लागल्या.

शनिवार, 26 एप्रिल — घाणा तिसरा

सगळं दुसऱ्यासारखंच, एक गोष्ट सोडून : जिप्सम शून्य. पाण्याने खरंच किती फरक पडतो ते एकदा बघायचंच आहे. नोकरीचा प्रश्न आहे. पिशवी या वेळी पिळली, पण मग पाणी घालून 1.041 वरच आणलं, तुलना बरोबरीची व्हावी म्हणून. हॉप्सच्या वेळी आच मंद केली.

अडचण हवेची. कोनाडा आता 20, म्हणजे बादली 23 ला जाणार. बादली घमेल्यात, घमेल्यात चार बोटं पाणी, भोवती जुना टी-शर्ट असा की खालचं टोक पाण्यात. माठाला ओलं फडकं गुंडाळतात तसं. कापड पाणी ओढतं, वाफ होताना उष्णता नेते.

सोमवार, 28 एप्रिल — कोनाडा 20.5, बादली 19.5. माठ चालतो. टी-शर्टला वास यायला लागलाय.

रविवार, 11 मे — 1.011. 20 बाटल्या.

शनिवार, 31 मे

चाचणी. तीन सारखे ग्लास, दोन ग्लासांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता ते ओळखायचं. बायकोने ओतले, मला बघू दिलं नाही. मग मी तिच्यासाठी, मग आजोबांसाठी. प्रत्येकी दोन फेऱ्या, ग्लासांवर फडकं, कारण जुनी बिअर जास्त नितळ होती.

सहापैकी तीन बरोबर. नुसता अंदाज मारला असता तरी दोन आलेच असते. दोन्ही फेऱ्या बरोबर ओळखल्या त्या फक्त बायकोने. जिप्समची "जास्त खरखरीत" लागते म्हणाली, आणि तिला बिनजिप्समची आवडली. आजोबांनी एक ओळखली. मी दोन्ही चुकलो.

यात खोट आहे : एक बिअर अकरा आठवड्यांची, दुसरी तीन. फरक जिप्समचा की मुरण्याचा, सांगता येणार नाही. दोन्ही एकाच दिवशी, एकाच पातेल्यातून करायला हव्यात, आणि जिप्सम एकीतच, नंतर. मॅशमधला, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजतानाचा परिणाम त्यात कळणार नाही, चवीचा कळेल.

दुसरी बादली मागवली, 14 पौंड. एकूण खर्च 116. रिकाम्या बाटल्या 27, पैकी धुतलेल्या 9.